खटला आणि जन्मदाखला : वादविवाद स्पर्धेच्या आयोजन समितीस खुले पत्र

प्रति,
आयोजन समिती,
आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा,
कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

आपल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीचा परीक्षक होण्यास मी होकार दिला होता आणि मागच्या आठवड्यात तो मागे घेतला. आपण फोनवर कारण विचारलेत तेव्हा मी प्रकृतीचे निमित्त सांगितले. ते खरे नव्हते. छत्तीस वर्षे वकिली केलेल्या माणसाने खरे कारण गिळून टाकावे हे मलाच पटेना, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आपल्या संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. प्रश्न एका संस्थेपुरता असता तर बंद पाकीट पुरले असते.

आपण अंतिम फेरीसाठी ठेवलेला विषय असा आहे : 'मानवी हक्कांचे सातत्याने उल्लंघन करणाऱ्या राष्ट्राचे अस्तित्व वैध मानता येत नाही : संदर्भ इस्रायल.' सोबत स्पर्धकांसाठी बारा पानांचे टिपण आहे. विषय आणि टिपण या दोन्हींवर माझा आक्षेप आहे, आणि विषय समजावून देण्यासाठी आपण जी बैठक घेतली तीत घडलेल्या एका प्रसंगावर त्याहून अधिक आहे.

यात माझे काय अडले, असे कोणी विचारील, तर तेही आधीच सांगतो. माझे आजोळ अलिबागचे. तिथल्या इस्रायल आळीतले एक कुटुंब आजीच्या घरोब्यातले होते. बेने इस्रायलांना, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंना, तिथे 'शनवार तेली' म्हणत, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद असे. मी लहान असताना ते कुटुंब इस्रायलला गेले आणि दिमोना नावाच्या वाळवंटी गावातून आजीला मराठीत पत्रे येऊ लागली. त्यातले एक पत्र घरात बरेच दिवस वाचले जात होते. तिथले धर्माधिकारी बेने इस्रायलांच्या लग्नांना अडवत आहेत, आई, आजी, पणजी कोण होती याची चौकशी करतात, आणि आम्ही ज्यू आहोत हे आम्हालाच सिद्ध करायला सांगतात, असा त्यात मजकूर होता. पुढे या लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत असे जाहीर केले. मराठी बोलणाऱ्या या माणसांनी त्या राष्ट्राकडून अन्याय सोसला, त्याच्याविरुद्ध रस्त्यावर आवाज उठवला आणि ते जिंकलेही. मात्र या राष्ट्राला असण्याचाच अधिकार नाही, असे त्यांनी म्हटले नाही, कारण तसे म्हटले असते तर हक्क मागायचा कोणाकडे हाच प्रश्न उरला असता. राष्ट्राच्या वागण्यावरचा खटला आणि राष्ट्राच्या जन्मदाखल्यावरचा खटला यांतला हा फरक मला कायद्याच्या पुस्तकात नंतर भेटला. आजीच्या ओसरीवर तो आधीच ऐकला होता.

आता विषयाच्या शब्दयोजनेबद्दल. राष्ट्र कशाला म्हणावे याची कायद्यातली सर्वांत परिचित व्याख्या १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात आहे : कायमची लोकवस्ती, निश्चित प्रदेश, सरकार आणि इतर राष्ट्रांशी व्यवहार करण्याची क्षमता. या चार अटींत सद्वर्तनाची पाचवी अट नाही. ती विसरून राहून गेली असेही नाही. सद्वर्तनाची अट घातली असती तर त्या यादीत किती राष्ट्रे उरली असती, हे करार करणाऱ्यांना चांगलेच ठाऊक असावे. न्यूरेंबर्गच्या न्यायाधिकरणाने १९४६ च्या निकालात सांगितले की आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्धचे गुन्हे माणसे करतात, अमूर्त संस्था करत नाहीत, म्हणून शिक्षा माणसांना व्हावी. त्याप्रमाणे नाझी पुढारी फासावर गेले. जर्मनी फाळणी होऊनही नकाशावर राहिली. कंबोडियात पोल पॉटच्या राजवटीत पंधरा लाखांहून अधिक माणसे मेली, तरी कंबोडिया असावा की नसावा असा वाद कोणत्याही महाविद्यालयात कोणी ठेवला नाही. उलट ती राजवट १९७९ मध्ये उलथली गेल्यावरही संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची काही वर्षे तिच्याच प्रतिनिधींकडे राहिली. रवांडात १९९४ चा नरसंहार चालू होता तेव्हा रवांडाचे सरकार सुरक्षा परिषदेचे अस्थायी सदस्य म्हणून त्याच टेबलाभोवती बसलेले होते. या सगळ्या नोंदी आपल्या टिपणात नाहीत. त्या असत्या तर एखाद्या चलाख विद्यार्थ्याने पहिल्याच मिनिटात विचारले असते की हा प्रश्न जगात एकाच राष्ट्राला का विचारला जातो.

टिपणाच्या तिसऱ्या पानावर संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांची मोजदाद आहे आणि एवढे ठराव म्हणजे एवढे गुन्हे, असा हिशेब मांडला आहे. ठराव म्हणजे निकाल नव्हे. ठराव सदस्य राष्ट्रे मतांनी करतात, आणि मत देणारे प्रत्येक राष्ट्र आपले तेल, आपले शेजारी आणि आपले मित्र डोळ्यांपुढे ठेवते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत ४७ सदस्य आहेत. २००७ मध्ये ठरलेल्या तिच्या कायम कार्यक्रमपत्रिकेत दहा विषय आहेत. जगभरातल्या देशांतली चिंताजनक परिस्थिती चौथ्या विषयाखाली येते आणि पॅलेस्टाइन व व्याप्त अरब प्रदेश यांच्यासाठी स्वतंत्र सातवा विषय आहे. एका प्रश्नाला असा कायमचा वेगळा रकाना दिला गेला याबद्दल त्या वेळचे सरचिटणीस बान की-मून यांनीही नाराजी व्यक्त केली होती. या परिषदेच्या आधीच्या आयोगाचे अध्यक्षपद २००३ साली गडाफींच्या लिबियाकडे होते. आणि ६ ऑक्टोबर २०२२ रोजी चीनच्या शिनच्यांगमधील उइगुर मुस्लिमांच्या स्थितीवर चर्चा तरी करावी का, एवढ्याच प्रश्नावर मतदान झाले तेव्हा १७ विरुद्ध १९ मतांनी ती चर्चाच नाकारली गेली. ११ राष्ट्रे तटस्थ राहिली. त्यांत भारतही होता. ठरावांच्या संख्येवरून गुन्ह्याची संख्या काढणाऱ्या आपल्या टिपणाच्या हिशेबाने मग उइगुरांवर काही अन्यायच होत नाही असे म्हणावे लागेल.

संख्येचा मोह कुठवर नेतो याचे याहून जुने उदाहरण आहे. १० नोव्हेंबर १९७५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ७२ विरुद्ध ३५ मतांनी झायोनवाद, म्हणजे ज्यूंचे स्वतःचे राष्ट्र असावे हा विचार, हा वंशवादाचाच एक प्रकार आहे असा ठराव केला. ते एखाद्या धोरणावरचे किंवा एखाद्या लष्करी कारवाईवरचे मत नव्हते. राष्ट्र ज्या कल्पनेवर उभे राहिले तिच्यावरचा तो शेरा होता. १६ डिसेंबर १९९१ रोजी त्याच महासभेने १११ मतांनी तो ठराव रद्द केला. पहिल्या वेळी बाजूने मत देणाऱ्यांत भारत होता आणि रद्द करतानाही बाजूने मत देणाऱ्यांत भारत होता. त्या सोळा वर्षांत झायोनवाद बदलला नव्हता, जग बदलले होते. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९९२ मध्ये, आपण इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित केले.

टिपणातली एक चूक मात्र मला वकील म्हणून सहन होत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २६ जानेवारी २०२४ रोजी 'इस्रायलला नरसंहाराबद्दल दोषी ठरवले', असे पान सातवर लिहिले आहे. दक्षिण आफ्रिकेने २९ डिसेंबर २०२३ रोजी दाखल केलेल्या दाव्यातला तो अंतरिम आदेश आहे. आपल्या दिवाणी न्यायालयात ज्याला तूर्तातूर्त मनाई म्हणतात त्याच्या जवळचा हा प्रकार. वादीचा दावा सकृद्दर्शनी विचारात घेण्याजोगा आहे आणि निकालापर्यंत भरून न येणारे नुकसान होऊ नये, एवढेच अशा आदेशात पाहिले जाते. मनाई मिळाली म्हणून दावा जिंकल्याचे पेढे वाटणारे पक्षकार मी पुष्कळ पाहिले आहेत. कायद्याच्या विद्यार्थ्यांना वाटलेल्या टिपणात ते पेढे पाहायला मिळतील असे वाटले नव्हते.

इथे कोणाचा गैरसमज होऊ नये. मी इस्रायलचा वकालतनामा घेतलेला नाही. त्याच न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी दिलेल्या सल्लागार मतात व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातले इस्रायलचे अस्तित्व बेकायदा असल्याचे म्हटले आहे आणि ते लवकरात लवकर संपवावे असेही म्हटले आहे. ते मत सुमारे ऐंशी पानांचे आहे आणि प्रत्येक स्पर्धकाने वाचावे असे आहे. पण वाचताना हेही दिसेल की तिथे प्रश्न व्याप्त प्रदेशातल्या ताब्याचा आहे. इस्रायल नावाचे राष्ट्र असावे की नसावे हा प्रश्न न्यायालयाने विचारलेला नाही आणि त्याला कोणी विचारलेलाही नव्हता. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २१ नोव्हेंबर २०२४ रोजी अटक वॉरंट काढली ती नेतान्याहू, इस्रायलचे माजी संरक्षणमंत्री गॅलंट आणि हमासचा लष्करी नेता दैफ या तीन माणसांवर. गाझात गाडली गेलेली हजारो मुले आणि ७ ऑक्टोबर २०२३ रोजी ठार झालेली सुमारे १,२०० माणसे यांचा जाब याच वाटेने मागता येतो, नावे घेऊन, कलमे लावून, पुरावा तपासून. 'ते राष्ट्रच अवैध' म्हटले की कोणाही एका माणसाला जाब द्यावा लागत नाही. पॅलेस्टाइन नावाचे काही नव्हतेच, असे म्हणणाऱ्यांनाही माझे हेच उत्तर आहे. तेही दुसऱ्याच्या जन्मदाखल्यावरच बोट ठेवतात.

आता त्या बैठकीतला प्रसंग. गडहिंग्लजकडची एक विद्यार्थिनी उठली आणि तिने विचारले, 'सर, हाच निकष लावायचा तर काश्मीरवरच्या अहवालाचे काय?' प्रश्न नेमका होता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त कार्यालयाने १४ जून २०१८ रोजी ४९ पानांचा अहवाल प्रसिद्ध केला होता. तो नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंबद्दल होता, प्रत्यक्ष भेटीची परवानगी न मिळाल्यामुळे दुरून गोळा केलेल्या माहितीवर उभा होता, आणि भारताने तो खोडसाळ, पूर्वग्रहदूषित आणि हेतुपुरस्सर ठरवून फेटाळला. त्या अहवालावर बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे. समितीच्या सदस्यांनी तिला सांगितले, 'आपल्या देशाबद्दल असले प्रश्न इथे नकोत, खाली बस.' ती खाली बसली. मीही गप्प बसलो, हे मला या पत्रात लिहिलेच पाहिजे.

माझी मुख्य तक्रार हीच आहे. मानवी हक्कांचा कायदा दुसऱ्यावर उगारताना तलवार आणि स्वतःकडे वळला की अपमान, असे दोन्ही एकाच खोलीत, एकाच तासात झाले. तो कायदा हत्यार म्हणून वापरला जातो, याची तक्रार आपले सरकार करते आणि पुष्कळदा ती रास्तही असते. पण हत्यार बोथट करायचे असेल तर आरोपाला कलमवार उत्तर द्यावे लागते. खाली बस म्हटल्याने आरोप संपत नाही, तो दाराबाहेर जाऊन मोठ्याने बोलू लागतो.

आपल्याच देशाने हे काम कसे केले ते पाहा. १९४६ साली, अजून स्वातंत्र्यही मिळाले नव्हते तेव्हा, भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न महासभेत नेला. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स यांचे म्हणणे होते की हा आमचा अंतर्गत मामला आहे आणि सनदेचे कलम २(७) आम्हाला संरक्षण देते. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालच्या शिष्टमंडळाने ते खोडून काढले आणि ८ डिसेंबरला ३२ विरुद्ध १५ मतांनी, दोन तृतीयांश बहुमताने, ठराव मंजूर झाला. अंतर्गत मामला म्हणून हात झटकता येत नाहीत, हा पायंडा पाडण्यात भारत पुढे होता, हे आज त्याच कलमामागे आडोसा शोधताना आपण विसरतो. पण त्या लढ्यातही मागणी वागणूक बदलण्याची होती. पुढे १९७४ मध्ये महासभेने वर्णद्वेषी सरकारच्या प्रतिनिधींना बसू दिले नाही. तरी दक्षिण आफ्रिका हे राष्ट्र सदस्यांच्या यादीत राहिले, आणि १९९४ मध्ये नव्या सरकारचे प्रतिनिधी त्याच खुर्चीवर येऊन बसले. पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेल्या कुलभूषण जाधव यांच्यासाठी २०१७ साली आपण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडेच धावलो, परदेशात अटक झालेल्याला आपल्या वकिलातीशी संपर्काचा हक्क देणारे व्हिएन्ना कराराचे कलम ३६ दाखवले, आणि १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध एक असा निकाल मिळाला. ज्या दिवशी तो निकाल आला त्या दिवशी आपल्या बार असोसिएशनच्या खोलीत आंतरराष्ट्रीय कायदा परकीयांचे कारस्थान आहे असे कोणी म्हणाले नव्हते.

कोल्हापूरकरांना तर ही गोष्ट पुस्तकातून शिकण्याची गरज पडू नये. कंपनी सरकारने १८५६ मध्ये अवध खालसा केले ते प्रजेवर जुलूम होतो, कारभार नासला आहे, असे कारण देऊन. गंमत अशी की तिथला कंपनीचा आधीचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, स्लीमन याने त्या गैरकारभाराची सविस्तर नोंद केली होती आणि तोच खालसा करण्याच्या विरोधात होता. त्याच्या नोंदी घेतल्या गेल्या, सल्ला सोडून दिला गेला. आपल्याकडे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून सत्तेपासून दूर ठेवले गेले. त्यांचा छळ होतो आहे असे 'केसरी' आणि 'मराठा' यांनी लिहिले, दिवाण बर्वे यांची म्हणून काही पत्रे आधाराला धरली, आणि ती पत्रे बनावट निघाली. १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली; १०१ दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात होते. पुढच्याच वर्षी डिसेंबरात महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, वारले. पत्रे खोटी होती म्हणून महाराजांचे हाल खोटे ठरले नाहीत, आणि हाल खरे होते म्हणून खोटी पत्रे खरी ठरली नाहीत. मानवी हक्कांच्या कोणत्याही अहवालापुढे बसणाऱ्या विद्यार्थ्याने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवायला शिकले पाहिजे. आपले टिपण त्याला एकच ठेवायला शिकवते, आणि ती कोणती हे आरोपी कोण आहे यावर ठरते.

पन्नास-पाऊणशे मुले आपल्या स्पर्धेत उतरतात. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे १८ ऑगस्ट २०२५ पासून, उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. त्यासाठी आम्ही सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी किती वर्षे काम बंद ठेवले आणि किती उन्हे डोक्यावर घेतली हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. या मुलांपैकी काही त्या बेंचपुढे उभी राहतील. तिथे अंतरिम आदेशाला निकाल म्हटले तर न्यायमूर्ती पहिल्याच वाक्यात थांबवतील.

माझ्या मागण्या अशा आहेत.

विषय बदलावा. 'गाझातील युद्धात आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याचे पालन झाले आहे' असा ठेवा, किंवा 'मानवाधिकार परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेतला सातवा विषय रद्द करावा' असा ठेवा. दोन्हींवर दोन्ही बाजूंनी चुरशीने बोलता येईल. कोणत्याही राष्ट्राच्या, मग ते इस्रायल असो, पॅलेस्टाइन असो वा आपला देश असो, असण्या-नसण्यावर टाळ्या मिळवण्याची स्पर्धा नको.

बारा पानांचे टिपण मागे घ्यावे, पान सातवरची चूक सर्व स्पर्धकांना लेखी कळवावी, आणि त्याऐवजी २६ जानेवारी व १९ जुलै २०२४ चे मूळ मजकूर द्यावेत, त्यांतल्या भिन्नमतांसह.

पुढच्या वर्षी एक फेरी भारतावरच्या आरोपांची ठेवावी. छळविरोधी करारावर आपण १९९७ मध्ये सही केली आणि अजून त्याला अनुमोदन दिलेले नाही. तेवढा एक विषयही एका फेरीला पुरेल. देशाची बाजू मांडायला उत्तम मुले मिळतील, आणि ती मांडताना त्यांना कायदा वाचावा लागेल.

आणि त्या विद्यार्थिनीला समितीने लेखी उत्तर द्यावे. तिची क्षमा मागावी असे मी म्हणत नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. माझ्या गप्प बसण्याबद्दल मी तिची क्षमा मागतो, ती इथेच.

विषय बदलला तर मी परीक्षक म्हणून येईन. न बदलला तरी स्पर्धेच्या आधीचे दोन रविवार सकाळी दहा ते एक मी घरी आहे; ज्या स्पर्धकांना मूळ आदेश वाचायचे असतील त्यांनी यावे, दोन्ही बाजूंच्या स्पर्धकांनी यावे, प्रती मी काढून ठेवल्या आहेत. आपण आगाऊ पाठवलेले मानधनाचे पाकीट या पत्राबरोबर परत पाठवत आहे.

आपला,
एक निवृत्त वकील
मंगळवार पेठ, कोल्हापूर